नुसतं विमल

अक्का, तुझ्या गंधमुक्तीचं कार्ड आपल्याच प्रेसमध्ये आलं. तुझा धाकटा दीर सकाळच्या एसटीनं मुखेडहून नांदेडला आला, मालकांच्या टेबलावर वहीचा फाडलेला कागद ठेवला आणि म्हणाला, "आमच्या वहिनी इथंच कामाला हुत्या म्हणं. मग दुसरीकडं कशाला जायचं?" मालकांनी कागद न वाचताच माझ्याकडे सरकवला. सुतक फिटून कपाळाला पुन्हा गंध लावायचा तो दिवस, त्याचंही आपल्याकडे लग्नासारखं कार्ड निघतं, हे तुला काय सांगायचं? तू अशी शेकड्यानं केलीस. दीर म्हणाला, बाजारातलं सामान घेऊन तासाभरात येतो. या तासात कार्ड जुळवायचं सोडून मी तुला हे लिहीत बसले आहे.

तुझ्या खुर्चीवर बसले आहे, रागावू नकोस. माझा कीबोर्ड बिघडलाय. तुझ्या कीबोर्डवर तू चिकटवलेली हिब्रू अक्षरं अजून तशीच आहेत, निम्मी झिजलेली. उशीसुद्धा तशीच आहे खुर्चीवर, ती कुबट वासाची. पंधरा वर्षं तुझ्या शेजारी बसले, पण या खुर्चीवरून भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही हे मला आज कळलं. म्हणून तू दर थोड्या वेळानं मला विचारायचीस, "लते, किती वाजले गं?" आणि मी म्हणायचे, "घड्याळ काय फक्त माझ्या बापाचं हाय का?"

मी नायगावहून रोज एसटीनं येणारी, लग्न होऊन दोन लेकरं झालेली, धड टाइपसुद्धा न येणारी बाई. पहिल्या दिवशी मालकांनी मला तुझ्याकडे ढकललं आणि तू म्हणालीस, "वाचता येतं ना? मग मोठ्यांदा वाच." तेच आपलं काम झालं. मी हातातला मजकूर मोठ्यानं वाचायची, तू पडद्यावर नजर ठेवून प्रत्येक ओळीला "हां, पुढं" म्हणायचीस. टिंबसुद्धा वाचायचं, स्वल्पविरामसुद्धा. "चि टिंब सौ टिंब कां टिंब." पहिल्या आठवड्यात मला इतकं हसू यायचं की मालक आतून ओरडायचे. तू हसायची नाहीस. म्हणायचीस, "हस, पण टिंब खाऊ नको. लोकांच्या घरचं लग्न हाय."

दुसऱ्यांची लग्नं छापण्यात तुझा जन्म गेला. तुझं स्वतःचं लग्न चार वर्षं टिकलं. रेणापूरच्या बापानं मुखेडला दिलं, लेकरू झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली आणि तू एक पेटी घेऊन नांदेडला आलीस. टायपिंग शिकलीस, मग कॉम्प्युटर. एवढंच तू मला सांगितलंस, तेही तुकड्या-तुकड्यानं. "नांदत न्हाई व्हय?" असं कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "मी नांदेडात नांदून राहिले की." विचारणारीचं तोंड बंद व्हायचं. मला मात्र तुझा राग यायचा, कारण तू फारकत घेतली नाहीस. आपलं जुनं भांडण ते. मी म्हणायचे, कागद करून टाक, मोकळी हो. तू म्हणायचीस, "कागदासाठी त्याच्या दारात जाऊन उभी राहू? तेवीस वर्षांत त्यानं मला याद केलं न्हाई, मी त्याला केलं न्हाई. ह्याच्यापेक्षा मोठी फारकत कोणतं कोर्ट देतं?"  याचं उत्तर मला आता सुचतं, पण ते कुणाला सांगू?

आणि मग ते लातूरच्या चर्चचे पाळकबाबा आले. आठवतं का? पांढरा सदरा, पायात प्लास्टिकच्या चपला, काखेत सात वह्यांचं गाठोडं. तरुणपणी बायबलसाठी हिब्रू शिकलेले, आयुष्यभर खेड्यापाड्यात प्रवचनं केलेली, आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास, हिब्रू-मराठी शब्दकोश काढायचा. इंग्रजी न येणाऱ्या खेड्यातल्या धर्मसेवकांसाठी. लातुरात सगळ्या प्रेसवाल्यांनी हात वर केले होते, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं कोण जुळवणार म्हणून. आपले मालकही नाहीच म्हणणार होते. तू मध्येच बोललीस, "करते मी. उर्दूवाले करतात की उजवीकडून. त्यांना काय दोन हात जास्ती हाईत?"

तेव्हा मला वाटलं, हिला वेड लागलं. लग्नसराईत आपल्याला पाणी प्यायला फुरसत नसायची, आणि त्यात हा कोश. पण तू दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक-एक शब्द बसवायला लागलीस. आधी नुसती चित्रं काढल्यासारखी अक्षरं उतरवायचीस. मग बाबा महिन्यातून दोनदा येऊन चुका दाखवायला लागले. मग तूच त्यांच्या वहीतल्या चुका दाखवायला लागलीस. बाबा हरखून जायचे. "विमलबाई, माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं येऊन राहिलं," म्हणायचे. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी लग्नाच्या कार्डावरच्या एकाही नवरीच्या फोटोत पाहिलं नाही. बेचाळीस वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कुणी तरी हुशार म्हटलं होतं.

सहा-सात वर्षं लागली, आणि तरी तुम्ही दोघं पोचलात ते दुसऱ्या अक्षरापर्यंत. पहिलं अक्षर आलेफ, दुसरं बेथ. बावीस अक्षरांची भाषा, त्यातली दोन. मी चिडवायची, "या चालीनं तुमचा कोश तुमच्या नातवांना मिळंल." आणि मग जीभ चावायची, कारण तुला कुठलं नातवंड.

त्या दुसऱ्या अक्षराच्या शेवटी-शेवटी तो शब्द आला. बअल. बाबांनी वहीत पहिला अर्थ लिहिला होता, पती. दुसरा, धनी, स्वामी, मालक. तू तिथंच अडलीस. "बाबा, आधी काय? पती का मालक?" बाबा म्हणाले, शब्द मुळात मालकीचा. घराचा बअल म्हणजे घराचा मालक, बैलाचा बअल म्हणजे बैलाचा मालक, आणि बाईचा बअल म्हणजे नवरा. बैलाचा मालक एकटा असला तरी शब्द कधीकधी अनेकवचनी लावतात, मोठेपणासाठी. मी वाचताना मध्येच बोलले, "त्यात काय नवल? आम्ही न्हाई का म्हणत, आमचे मालक आले, आमचे मालक जेवले?" तू माझ्याकडे अशी पाहिलीस, जसं काही मी तुझ्या हाती चोरच पकडून दिला.

त्या दिवसापासून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, पहिला अर्थ मालकच लिही, कारण आपल्या बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. नाव घेत नाहीत, तर काय म्हणतील? त्यात मालकी-बिलकी काही नसतं. माझे हे मालक मला भितात, तुला माहीत आहे. शब्द वापरून-वापरून गुळगुळीत होतो गं. तुला दोन्ही नको होते, पती लिहिलं तर मालकी झाकली जाते आणि मालक लिहिलं तर तिला आपणच मान देतो. तू म्हणायचीस, "गुळगुळीत झाला म्हणून काय दगडाचं लोणी होतं का? तुला भितो तो, पण उद्या तू उठून गेलीस तर म्हणतील काय? मालकानं टाकली. तू त्याला टाकलं, असं कुणी म्हणंल का?" आणि मग तू ते दुसरं रूप दाखवलंस, बेऊला. त्याच शब्दातून बाईसाठी निघालेलं. जिच्यावर मालकी झाली ती, म्हणजे लग्न झालेली. आपल्याकडे कसं, दिलेली, केलेली, टाकलेली. बाईनं काही करायचंच नाही, तिच्यावर कुणी तरी करायचं. तू म्हणालीस, "लते, माझं नाव न्हाई लिहिलं तरी चालंल, ह्या शब्दापुढं माझा फोटो छापा."

पण तुला तो शब्द आवडायचाही, हे मी कुणाला सांगू? त्याच्या मागे-मागे तू कुठं कुठं गेलीस. पंखांचा बअल म्हणजे पाखरू. जिभेचा बअल म्हणजे सापाला मंत्र घालणारा. स्वप्नांचा बअल म्हणजे स्वप्नं पाहणारा. तू खूश होऊन टाळी दिलीस, "म्हंजे आपला 'वाला', लते! पंखवाला, स्वप्नवाला!" दोन दिवस तू मालकांना 'प्रेसवाला' म्हणत होतीस, त्यांच्या पाठीमागे. आणि बाईचंही रूप आहे म्हणालीस, बअला. बाई घराची बअला होते, मंत्र-तंत्राची होते. मग तू सगळी वही उलटीपालटी केलीस आणि म्हणालीस, "फक्त नवऱ्याची होत न्हाई. एका पण जागी न्हाई." बाबा नुसते हसले.

बाबांनी एक गोष्ट मात्र सांगितली होती. एका जुन्या संदेष्ट्याच्या तोंडी देवाचं बोलणं आहे, की असा दिवस येईल, तू मला माझा मालक म्हणणार नाहीस, माझा माणूस म्हणशील. त्यासाठी तिथं साधाच शब्द आहे, ईश, माणूस. तू कीबोर्डवरचे हात काढलेस. मग विचारलंस, "आला का तो दिवस, बाबा?" बाबा म्हणाले, "बाई, मी प्रवचन करणारा माणूस. येणार हाय, एवढंच मला सांगता येतं."

आणि तो शेताचा अर्थ. पाटाचं पाणी नसलेलं, नुसत्या आभाळावरचं शेत, त्यालाही तिकडे पुढं-पुढं बअलाचं शेत म्हणायला लागले. म्हणजे आपलं कोरडवाहू. तू म्हणालीस, "मुखेडला सगळं तसलंच. मी पण तसलंच शेत हुते. त्याचं नाव, आणि पाणी आभाळाचं." हे तू हसत सांगितलंस, आणि मीही हसले. अशा कितीतरी ठिकाणी मी हसले, जिथं मी तुझा हात धरायला हवा होता.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मुलांनी कोशाची चौकशीसुद्धा केली नाही. वह्या तू तुझ्या पेटीत नेऊन ठेवल्यास आणि दुपारच्या सुट्टीत एकटीच काम करत राहिलीस. मी वाचायची, तू "हां, पुढं" म्हणायचीस. कुणासाठी करतेस असं मी एकदा विचारलं. "माझ्यासाठी," म्हणालीस. "मला एवढं एकच काम असं भेटलं, ज्याच्यात मला कुणी विचारलं न्हाई तू कुणाची."

गेल्या वर्षीचं ते बोलणं. उदगीरकडच्या कुणा म्हातारीचं गंधमुक्तीचं कार्ड आपण करत होतो. मी वाचलं, "कै टिंब सौ टिंब," आणि तू थांबलीस. म्हणालीस, "लते, माझं आईक. मी गेले की मला मुखेडला नेऊ देऊ नको. त्याच्या हातचं कुंकू न्हाई, हिरवं लुगडं न्हाई. हितंच गोदावरीला जाळा. आन् कार्ड काढलंच, तर वर नुसतं विमल. मागं न्हाई, पुढं न्हाई." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हाव हाव, आधी मरून तर दाखव." तू पाठीत धपाटा घातलास. "लेहून घे," म्हणालीस. मी लिहून घेतलं नाही. दोन ओळींचं काम होतं, आणि आपला धंदाच लिहिण्याचा.

गेल्या आठवड्यात त्या दिवशी अकरा वाजता तू मला घड्याळ विचारलंस आणि मी उत्तर द्यायच्या आत खुर्चीतच कलंडलीस. रिक्षात माझ्या मांडीवर तुझं डोकं होतं आणि मी मूर्खासारखी "अकरा वाजले अक्का, अकरा वाजले," असं म्हणत होते. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं फॉर्म पुढं केला. पेशंटचं नाव. आता नीट आईक, कारण हे मला तुलाच सांगायचं आहे, बाकी कुणाला नाही. त्यानं मला नवऱ्याचं नाव विचारलंच नव्हतं. त्यानं फक्त नाव विचारलं. आणि माझ्या हातानं आपोआप लिहिलं, विमलबाई भ्र. नारायणराव, मु. पो. मुखेड. पंधरा वर्षं मतदारयाद्या, पत्रिका, कार्डं वाचून-वाचून हाताला तेच वळण. आपल्या मराठवाड्यात बाईचं नाव लिहिलं की भ्र. येतो आणि भ्रतार येतो, त्याशिवाय नाव पुरं झालं असं वाटतच नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "नवरा हाय ना? मग सहीला त्याला बोलवा. तुम्ही कोण?" मी म्हणाले, सोबत काम करते. तो म्हणाला, "तसं चालत न्हाई बाई. ऑपरेशन हाय."

मी त्या जागी तुझ्या बापाचं नाव लिहिलं असतं, तर निदान विचार करायला वेळ मिळाला असता. वकील शोधला असता, मालकांना पाठवलं असतं, काहीतरी. पण मला वाटलं, सहीविना तुला तसंच ठेवतील. मी घाबरले. मालकांनी मुखेडच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि दुपारपर्यंत तुझा नवरा दवाखान्यात उभा होता. ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस, आणि नाव त्याचं होतं म्हणून तुला त्याच्या ताब्यात दिलं.

तो कसा आहे हे तुला ऐकायचं नसेल, पण सांगते. मला तो राक्षस हवा होता. तसा नव्हता. वाळलेला, ऐकू कमी येणारा म्हातारा, सदऱ्याची बटणं चुकीची लावलेली. तुझ्या पायाशी बसून म्हणाला, "लई वर्षांनी पाहून राहिलो." आणि खरंच रडला. त्याची दुसरी बायको हिरव्या बांगड्या घेऊन आली होती, तुझ्या हातात भरताना तिनं प्रत्येक बांगडी फिरवत-फिरवत अलगद चढवली, कारण हात सुजले होते. ज्यांचा राग धरून मी बोलणार होते, त्यांनी मला रागाला जागाच ठेवली नाही.

तरी मी बोलले. मुखेडला, त्याच्या अंगणात, तुला हिरवं नेसवायला घेतलं तेव्हा मी म्हणाले, "अक्कानं नको म्हणलं हुतं." दीर म्हणाला, "काय नको म्हणलं हुतं?" मी सांगितलं. तो रागावला नाही. "कागद हाय का काही लेहिलेला?" एवढंच विचारलं. कागद नव्हता. मग घरातली एक म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, "बाई, अहेव मेली, भाग्याची मेली. नवरा जिता असताना जाणं कुणाला घडतं? कुंकू लावून जाऊ द्या की. कशाला मोडता घालून राहिलाव?" आणि भोवतीच्या सगळ्या बायांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत तुझ्याबद्दल हेवा होता, अक्का. खरंच हेवा होता.

मग तुझ्या नवऱ्यानं तुझ्या कपाळावर कुंकू लावलं. वाकडं. आपल्याकडे अहेव गेलेल्या बाईच्या कपाळाचं कुंकू बाकीच्या सवाष्णी आपल्या कपाळाला लावून घेतात. बायांची रांग लागली. मला कुणी तरी पुढं ढकललं आणि मी तुझ्यासमोर आले. अक्का, माझा हात वर गेला. तुझ्या कपाळावरचं ते कुंकू मी बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. मला कुणी जबरदस्ती केली नाही. मला काय झालं ते मला माहीत नाही. माझ्या आईनं केलं, आजीनं केलं, मीही केलं. तुला नको असलेलं कुंकू मी तुझ्याच कपाळावरून घेऊन घरी आले. दोन दिवस ते धुवायचं धाडस झालं नाही आणि ठेवायचंही झालं नाही.

माझ्या लेकीच्या लग्नाचं कार्ड तू जुळवलं होतंस. मजकूर यांनी लिहून दिला होता आणि खाली निमंत्रक म्हणून आधी यांचं नाव होतं. तू कुणाला न विचारता माझं नाव वर घेतलंस, लता व रामराव, आणि छापून मोकळी झालीस. सासरच्या माणसांनी तोंडं वाकडी केली. हे मात्र हसले, म्हणाले, "चुकलं न्हाई, पोरीला पोटात हिनंच वागवलं." त्या कार्डाची एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे. माझं नाव आयुष्यात एकदाच सगळ्यांच्या वर छापलं गेलं, आणि ते तू छापलंस. मी तुझ्यासाठी तेवढंच करायचं होतं.

दीर आला.

मी त्याला विचारलं, खोलीवरून तुम्ही नेलेल्या अक्काच्या पेटीतल्या वह्या कुठं आहेत? बाबांच्या सात, आणि तुझ्या हातच्या दोन. तो चांगुलपणानंच म्हणाला, "त्या व्हय? उलट्या अक्षराच्या? वहिनीला लई जीव हुता म्हणं त्यांच्यावर. म्हणून सोबतच दिल्या, सरणावर ठिवल्या. आवडीची वस्तू मागं ठिवू नाही." मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो समजला मी गहिवरले. म्हणाला, "रडू नका बाई."

या कॉम्प्युटरमध्ये तेवढी ती दोन अक्षरं उरली आहेत. बअल शब्दापुढं तू पाखरू, सापवाला, स्वप्नवाला सगळं भरलंस, बेऊला भरलंस, कोरडवाहू शेत भरलंस. पहिल्या अर्थाची जागा मोकळी सोडलीस, आपलं भांडण मिटेपर्यंत. आता ती मोकळीच राहील. मालक म्हणतात, नवा कॉम्प्युटर घ्यायचा आहे, जुन्यातलं काय-काय हवं ते सांग. ते वाचणारं नांदेडात कुणी नाही, लातुरात नाही. हवं म्हणून कुणासाठी सांगू?

कार्ड मी जुळवलं. आधी जुळवलं ते तू सांगितलं होतंस तसं. वर मध्यभागी, मोठ्या अक्षरात, नुसतं विमल. प्रिंट काढून दिराला दाखवलं. चष्मा घरी राहिला होता त्याचा, कागद लांब धरून त्यानं पाहिलं. "हे काय? नुसतं विमल? कोण विमल म्हणतील गावात. वहिनीला मुखेडात विमल म्हणून कोण वळखतंय?" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. खरंच, मुखेडात विमल म्हणून तुला कुणी ओळखत नाही. कार्ड तर मुखेडलाच वाटायचं होतं. मी तरी दोनदा म्हणाले, तिची इच्छा होती. तो म्हणाला, "बाई, माणूस गेलं. आता इच्छा आमची." आतून मालक म्हणाले, "लताबाई, गिऱ्हाइकाचा मजकूर हाय."

मी पुन्हा बसले. त्याच्या कागदावर होतं तसं घातलं. मग आपल्या रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचलं, टिंबासकट, काही न खाता. "कै टिंब सौ टिंब विमलबाई भ्र टिंब नारायणराव." ओळ संपल्यावर मी थांबले. सवयीनं थांबले. शेजारी कुणी "हां, पुढं" म्हणालं नाही, आणि मशीनवर कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका निघत होत्या.

आपल्या प्रेसचा नियम तुला माहीत आहे. छापायला घेण्याआधी गिऱ्हाइकानं प्रुफावर लिहून द्यायचं आणि सही करायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी कागद आणि पेन दिरापुढे ठेवलं. त्यानं पेन परत माझ्याकडे सरकवलं. "मला दिसंना. तुमीच करा. तुमच्याइतकं वहिनीच्या जवळचं कोण हाय?"

मी लिहिलं, मजकूर बरोबर आहे. आणि खाली सही केली.